अकरावा सामना

जार्लथ मॅनियनने सलग अकरा सामने आपल्या जाळ्यात गोल जाऊ दिला नव्हता, हे त्या काउंटीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यातले दहाच खरे, हे फक्त दोघांना माहीत होतं. त्या दोघांतला एक, एंडा गार्व्ही, मंगळवारी पहाटे वारला.

सकाळच्या बातम्यांनंतर रेडिओवर गेलेल्यांची नावं वाचतात. जार्लथ गोठ्यात होता, बादलीला हात लावलेला. 'एंडा गार्व्ही, क्लूनबारा, वय बेचाळीस, दीर्घ आजाराने. अंत्यदर्शन राहत्या घरी, बुधवारी दुपारी तीन ते सात.' पुढे आणखी दोन नावं होती, ती काही त्याच्या कानांत शिरली नाहीत.

"जाणार ना तू?" त्याची बायको नूला दारातून म्हणाली.

"जावंच लागेल."

त्या भागात लग्नाला गेलं नाही तर लोक विसरतात, मयताला गेलं नाही तर नातवंडांपर्यंत ऐकवतात. पण जार्लथ लोकांना भिऊन निघाला नव्हता. सोळा वर्षं छातीवर बसलेली गोष्ट त्या घरी जाऊन उतरवायची, सगळ्यांसमोर, शवपेटीतल्या एंडासमोर, असं त्याने गाईंच्या देखत ठरवून टाकलं. माणसांच्या देखत ठरवायला त्याला कधी जमलंच नव्हतं.

गोलरक्षक म्हणून तो जन्माला आला असं त्याच्या गावचे, ड्रमकीलचे लोक म्हणायचे. सहाव्या वर्षापासून गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत येणारा झेलायचा, भिंतीचा चुना गेला तरी याचं मन भरेना. सतराव्या वर्षी मोठ्या संघाच्या गोलरक्षकाचं गळ्याचं हाड मोडलं आणि याला उभं केलं, ते थेट चाळिसाव्या वर्षापर्यंत. तेवीस हंगाम. त्याच्याकडून गोल काढण्यापेक्षा बिशपकडून पापाची कबुली काढणं सोपं, असं शेजारच्या गावात वैतागून बोलायचे. त्यांच्याकडच्या फुटबॉलात चेंडू खालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन गुण, आडव्या दांड्यावरून गेला तर एक. वरून जाणारे जातात, ते कोणाच्या बापाला अडवता येत नाहीत. खालून मात्र त्या वर्षी दहा सामने एकही गेला नाही आणि जुन्या काळातल्या एका शाळामास्तराच्या विक्रमाशी बरोबरी झाली.

त्याहून मोठं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याच वर्षी उपांत्य सामन्यात एक चेंडू धुक्यात दांड्यावरून गेला की बाजूने, हे खांबाशी उभ्या असलेल्या गोलपंचाला दिसलं नाही. जार्लथने स्वतःहून सांगितलं, "वरून गेला हो, गुण द्या त्यांना." स्वतःच्या संघाविरुद्ध! सामना शेवटी ड्रमकीलनेच जिंकला म्हणून बरं, नाहीतर घरी जेवायला मिळालं नसतं. पण त्या दिवसापासून मॅनियनचा शब्द म्हणजे शब्द, असं सगळी काउंटी म्हणू लागली.

आणि मग तो अकरावा सामना आला. अंतिम सामना, क्लूनबाराशी. ऑक्टोबरचा महिना, दिवसभर बारीक झिमझिम, गोलापुढे इतका चिखल की चुन्याची रेषा वाहून गेलेली. तीन मिनिटं उरली होती आणि ड्रमकील एका गुणाने पुढे. एंडा गार्व्ही उजवीकडे जातो असं दाखवून डावीकडे वळला आणि डाव्या पायाने खालून मारला. जार्लथ झेपावला, चेंडू मनगटाला लागला आणि त्याच्या मागे गेला. तो तसाच चिखलात वळला आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी ओढून घेतला. चेंडू रेषेच्या फूटभर आत होता. कुशीला खांबाचं बूड लागत होतं, आत किती आलोय ते त्याला बरोबर कळत होतं.

एंडाने एक हात वर केला होता. डाव्या खांबाशी टॉमी नून होता, पांढऱ्या कोटातला, साठीचा, रेफरीचा मेहुणा. तो गोलाचा हिरवा झेंडा उचलायला वाकला आणि वाकलेलाच थांबला. त्याला जार्लथची पाठ तेवढी दिसली होती.

"जार्लथ, आत गेला होता का रे?" टॉमीने विचारलं.

दुसऱ्या कुठल्याही गोलरक्षकाला कुठल्याही गोलपंचाने हे विचारलं नसतं. विचार करायला वेळच नव्हता, असं जार्लथने पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. ते खोटं होतं, वेळ चिक्कार होता. टॉमीचा चष्मा पावसाने भरलेला त्याने पाहिला, त्याच्या कोटाचं खालचं बटण तुटलेलं पाहिलं.

"नाही टॉमी," तो म्हणाला. "रेषेवरच धरला."

टॉमी झेंडा न उचलताच सरळ झाला. एंडा धावत आला. "डोळे फुटले का तुमचे? आत होता! ढळढळीत आत होता!" त्याने टॉमीची गचांडी धरली आणि म्हातारा खांबावर आदळला. पंचाच्या अंगाला हात म्हणजे त्या खेळात क्षमा नाही. एंडाला बाहेर काढलं, पुढे दीड वर्षाची बंदी झाली. क्लूनबाराचा अध्यक्ष होता मॅटी गार्व्ही, एंडाचा सख्खा बाप. त्याने माफीचं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पोरापुढे ठेवलं. "हरायचं तर माणसासारखं हरावं. मॅनियनने धरला म्हणाला ना, मग धरला." पोराने सही केली नाही. नाताळाच्या आधी तो लंडनला निघून गेला आणि पुन्हा म्हणून चेंडूला पाय लावला नाही.

बाराव्या सामन्यात चौथ्याच मिनिटाला जार्लथवर गोल झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, अकराच्या विक्रमासाठी. तो चेंडू परत खेळात मारायला मागे सरकला, तेव्हा डाव्या खांबाशी कोणीतरी उभं होतं. क्लूनबाराच्या शर्टात, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि एक हात वर. धमकावत नव्हता, ओरडत नव्हता. वर्गात बोलायची परवानगी मागणारं पोर हात वर करून थांबतं, तसा नुसता थांबला होता. जार्लथ वळला तर तिथे खांब होता फक्त.

पुढची चौदा वर्षं हे चाललं. प्रत्येक सामन्यात नाही, पण कोणत्या सामन्यात येईल हेही कळायचं नाही. डावीकडे पाठ करायची त्याची छाती होईना. डावा कोपरा कच्चा आहे म्हाताऱ्याचा, असं पोरं म्हणू लागली आणि तिथे चार-दोन गोलही झाले. एकदा लंडनला लग्नाला गेला असताना तो मुद्दाम वाट वाकडी करून एंडाच्या नेहमीच्या पबपर्यंत गेला. खिडकीतून एंडा दिसला, पोट सुटलेला, केस विरळ, कोणाच्या तरी थट्टेवर हसत होता. आत जाऊन 'चेंडू आत होता' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, पण जार्लथ रस्त्यापलीकडे अर्धा तास भिजला आणि माघारी आला. पुढच्याच रविवारी खांबाशी तो पुन्हा उभा, सव्वीस वर्षांचाच, हात वर. मेलेल्याचं भूत लोकांना लागतं, याला जित्याजागत्या माणसाचं लागलं होतं. भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटायची.

टॉमी नूनही पुढे वारला. जिवंत होता तोवर बाजारात भेटला की चारचौघांत सांगायचा, "हा पोरगा नसता तर त्या दिवशी माझ्या हातून मोठी चूक झाली असती." जार्लथ मान खाली घालायचा आणि लोक म्हणायचे, बघा, किती साधा.

बुधवारी साडेतीनला तो गार्व्हींच्या अंगणात पोचला. रांग फाटकापर्यंत आली होती. गडी माणसं चाऱ्याबद्दल आणि फुटबॉलबद्दल बोलत होती, कोणाची तरी सून हॅमच्या सँडविचचं ताट फिरवत होती. त्याला बघून रांगेत कुजबूज झाली आणि दोघातिघांनी पाठीवर थाप मारली. पुढच्या खोलीत पेटी होती, पायथ्याशी क्लूनबाराचा घडी केलेला शर्ट. जार्लथला एंडाच्या हातांकडे बघवेना, पण बघितलं. दोन्ही हात छातीवर जपमाळेत गुंतवलेले होते आणि फार बारीक झाले होते.

"वाईट झालं, मॅटी," तो म्हणाला.

ऐंशीच्या घरातल्या मॅटीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आलास. मला ठाऊक होतं तू येणार. तू असा माणूसच आहेस."

जार्लथने तोंड उघडलं. तेवढ्यात एंडाच्या आईने, अट्रॅक्टाने, त्याच्या कोपराला धरलं. "जार्लथ, जरा मागे ये माझ्याबरोबर."

मागच्या मोरीत जळणाच्या टरफाच्या टोपलीशेजारी दोघं उभी राहिली. तिने दार लोटून घेतलं.

"त्या चेंडूच्या सगळ्यात जवळ तू होतास," ती म्हणाली. "आज माझ्याशी खोटं बोलू नकोस. आत होता का?"

"होता, मिसेस गार्व्ही. आत होता. मी खोटं बोललो."

ती रडली नाही. हातातला फडका तिने घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "मला माहीतच होतं. एंडाला लहानपणी बिस्किट चोरलं तरी लपवता यायचं नाही. कान लाल व्हायचे मेल्याचे."

"मी सांगायलाच आलोय. आत्ता जाऊन सांगतो, मॅटीला, सगळ्यांना. तो विक्रम जाऊ दे खड्ड्यात."

"थांब." तिने त्याची बाही घट्ट धरली. "कुठे निघालास?"

"एंडाचं नाव तरी साफ होऊ दे."

"एंडाला आता नाव घेऊन काय करायचंय? आजारी होऊन घरी आला तेव्हापासून हे बापलेक एका टेबलावर जेवायचे नाहीत, माहिती आहे तुला? गेल्या गुरुवारी मॅटी त्याच्या उशाशी बसला आणि म्हणाला, आता तरी कबूल कर, की मॅनियनने धरला होता, म्हणजे मी तुला मिठी मारीन. मरणाऱ्या पोराला म्हणाला हे! आणि पोराने भिंतीकडे तोंड फिरवलं." तिचा आवाज तिथे फाटला. "पोरगा खरा होता हे आज मॅटीला कळलं, तर उद्या दुसरी पेटी आणावी लागेल मला. मला माझा नवरा हवाय."

"मग मी काय करू?"

"सोळा वर्षं जे केलंस तेच कर. तुला हलकं व्हायचं होतं ना? माझ्याजवळ झालास. आता मी वाहीन अर्धं."

शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसवल्या असत्या. तो भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला, आणि ती थंडपणे उभी राहून त्याचं आवरायची वाट बघत राहिली. मग तिने फडका त्याच्या हातात दिला आणि तोंड पुसायला सांगितलं.

ती दोघं पुढे आली तेव्हा खोली भरली होती. जुन्या सामन्यांच्या गोष्टी निघाल्या होत्या, अशा घरी त्या निघतातच, आणि कोणीतरी हसतंही होतं.

"जार्लथ!" मॅटीने खुर्चीतून हाक मारली. "इकडे ये, इथे उभा राहा. या नव्या पोरांनी पाहिलेलं नाही. सांग यांना, माझ्या एंडाने कसा मारला आणि तू कसा धरलास ते."

"राहू दे मॅटी, आज नको."

"आज नाही तर कधी? अरे, त्याच्यासारखा डावा पाय उभ्या काउंटीत नव्हता. तो मारलेला चेंडू कोणी धरला तर त्यात कमीपणा कसला? हेच मी त्याला सांगत होतो जन्मभर. सांग तू."

लोकांनी जागा करून दिली. जार्लथने दाराकडे बघितलं. अट्रॅक्टा किटली घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे रोखून बघत होती. तिने मान इतकी थोडी हलवली की दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

त्याने सांगितलं. पाऊस सांगितला, चिखल सांगितला, एंडा उजवीकडे जातो असं दाखवून डावीकडे कसा वळला ते सांगितलं. चेंडू कुठे लागला ते मनगट वर करून दाखवलं. बोलताना तो पेटीच्या इतक्या जवळ होता की त्याची बाही लाकडाला घासत होती. गोष्ट चांगली रंगली, सोळा वर्षांत ती त्याने पुष्कळदा सांगितली होती.

"आणि मग?" मॅटीने पुढे झुकून विचारलं.

"मग काय," जार्लथ म्हणाला, "रेषेवर धरला."

खोलीत समाधानाचा सुस्कारा उठला. मॅटी खुर्चीचे हात धरून उठला, पेटीवर वाकला आणि पोराच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"ऐकलंस ना रे?" तो हळूच म्हणाला. "माझं नको ऐकूस. त्याच्याच तोंडून ऐक."

मग त्याने एंडाच्या कपाळावर ओठ टेकले आणि बराच वेळ तसाच राहिला. अट्रॅक्टा पुढे आली, जार्लथच्या कपात चहा ओतला आणि साखर किती घालू म्हणून विचारलं.