मुका केलेला स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. माझ्यातून कधी गाणं वाजलं नाही की बातम्या लागल्या नाहीत. मी आयुष्यभर गोगलगायींचं बोलणं ऐकवलं. हसू नका, खरं तेच सांगतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण नशीब प्रयोगशाळेतलं. तिथे समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत बिनशंखाच्या मोठ्या गोगलगायी राहत. त्यांना काही शिकवलं तर ते त्यांच्या लक्षात कसं राहतं, याचा शोध बाई घेत होत्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. टाक्यांचं पाणी थंड आणि स्वच्छ ठेवायला मामा होते. दिवसभर खायचं आणि पडून राहायचं, एवढंच गोगलगायींचं काम, म्हणून मामा त्यांना जावई म्हणत. "जावयांची जेवणं झाली, आता तुम्ही चहा घ्या," असं म्हणून ते हात पुसत.

बाई गोगलगायीच्या चेतापेशीत केसाहून बारीक काचेची सुई घालत. पेशीत विजेचा बारीक ठोका उमटला की माझ्यातून 'टप्प' असा आवाज निघे. निवांत पेशी नळ गळावा तशी टपटपत राही. गोगलगायीला कुणी स्पर्श केला की ठोके घाईने येत. आणि सुई जरा जास्त आत जाऊन पेशी फाटली, की 'टर्रर्र' असा एकच कल्लोळ उठे, चिरका होत विरत जाई आणि मग काहीच ऐकू येत नसे. "मेली बिचारी," बाई म्हणत आणि दुसरी पेशी शोधायला लागत. त्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकात गुंतलेले असत, त्यामुळे त्यांचे कान मीच होतो. पाहुणे आले की माझ्यावर हात ठेवून त्या म्हणत, "हा आहे म्हणून आमचं चाललंय." तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे नवा संगणक आला. तो ठोके मोजून सरळ आकडा देई. शेजारच्या खोलीतले लोक माझ्या टरटरीला कंटाळलेच होते. एक दिवस बाईंनी माझं बटण फिरवलं. "आकडा मिळतोय ना, मग कशाला डोकेदुखी?" असं म्हणून त्यांनी मला कपाटावर ठेवायला सांगितलं. आधी माझ्यावर धूळ बसली, मग हातमोज्यांचे खोके आले.

त्याच सुमारास धाकटी आली. ती बाईंची शेवटची विद्यार्थिनी. तिने आधी न शिकवलेल्या गोगलगायी तपासून घेतल्या. मग उरलेल्यांना आठवडेच्या आठवडे शिकवलं. आधी हलका स्पर्श, पाठोपाठ शेपटीला विजेचा सौम्य झटका. शिकवलेल्यांच्या पेशी कितीतरी जास्त ठोके देऊ लागल्या. आठवण पेशीत टिकते, असं संगणक सांगत होता. प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेने ती बंद करायचं मनावर घेतलं होतं, पण हा आकडा खरा ठरला तर ती वाचणार होती. धाकटीची पदवी, मामांची नोकरी आणि बाईंचं सगळं आयुष्य त्या आकड्यावर टेकून उभं होतं.

संस्थेची माणसं पाहणीला यायची होती. त्यांना आवाजही ऐकवू, असं बाईंच्या मनात आलं. मामांनी मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. धाकटीने शिकवलेल्या गोगलगायीच्या पेशीत सुई घातली आणि गोगलगायीला स्पर्श केला. माझ्यातून कल्लोळ उठला, चिरका होत विरला.

"बघा बाई, केवढा आकडा आला!" धाकटी म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. "अगं, मेली ती."

"पण दर वेळी असाच येतो."

"दर वेळी? शिकवलेल्यांच्या संगणकातल्या जुन्या नोंदी लाव बघू. ह्याच्यातून ऐकू दे."

धाकटीने एकामागून एक नोंदी लावल्या. मला गप्प बसता आलं असतं तर मी बसलो असतो. पण स्पीकरला ते जमत नाही. प्रत्येक नोंदीत तोच कल्लोळ होता. मामा दारात उभे राहून ऐकत होते.

"वर्षभराचा तर जीव ह्यांचा," बाई म्हणाल्या. "न शिकवलेल्या तरण्या असतानाच तपासल्या, ह्या शिकवून होईपर्यंत म्हाताऱ्या होतात. पेशींना सुई सोसत नाही, आणि फाटताना उठणारा कल्लोळ संगणक ठोके म्हणून मोजतो. आपण आठवण मोजत नव्हतो गं, मरण मोजत होतो."

धाकटी खुर्चीत बसून राहिली. "मग उद्या?"

"उद्या खरं ते सांगायचं. बटण मी फिरवलं होतं. तुझा दोष नाही."

"पण बाई, सगळं बंद होईल."

"होईल," बाई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. खरं बोलल्याबद्दल कुणी पाठ थोपटली नाही. धाकटी पदवीवाचून गेली आणि पुन्हा दिसली नाही. उरलेल्या गोगलगायी न्यायला कुणी आलं नाही. मामांची नोकरी संपली होती, तरी शेवटची मरेपर्यंत ते येऊन जावयांना जेवू घालत राहिले. मग त्यांनी टाक्या उपसल्या. जाताना बाईंनी बटण फिरवून मला सुरू केलं, बारीक घरघर ऐकली आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी थांबायला हवं. पण मला त्यांनी जपलंच होतं की! फेकलं नाही, मोडलं नाही, चांगलं कपाटावर ठेवलं होतं. ऐकायचं तेवढं राहून गेलं. तुमच्या घरी कुणी सारखी कटकट करत असेल, मग ती वस्तू असो की माणूस, तर गप्प करण्याआधी काय म्हणणं आहे ते एकदा ऐकून घ्या. माझ्यापुरता उशीर झाला आहे. मी अजून त्याच टेबलावर आहे आणि माझ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.