थोरल्याचं इंजेक्शन

कुत्रं चावलं तेव्हा आमचे हे पळाले नाहीत, कारण हातात गिऱ्हाइकाचे इस्त्री केलेले शर्ट होते. शर्टांना चुणी पडली नाही, पोटरीत मात्र दात रुतले. मी नळाखाली यांचा पाय धरून साबणाने खसाखसा धूत होते आणि हे मला शर्ट कुठे ठेवलेत ते समजावत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुत्रा चावायची ही दुसरी खेप.

दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "मागे चावला होता तेव्हा कोर्स पूर्ण केला होता?"

"केला ना," हे भिंतीकडे बघत म्हणाले.

"मग काळजी नको. दोनच बूस्टर. एक आज, एक तीन दिवसांनी. जखमेत द्यायचं इंजेक्शन वाचलं तुमचं."

यांनी डोळे मिटून दंड पुढे केला. सुई टोचेपर्यंत घामाघूम. माझा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ टिकला नाही.

घरी परतलो तर पुढच्या आमच्या लाँड्रीत भावजी इस्त्री करत होते. हे आणि भावजी जुळे. हे जरा आधी जन्मले म्हणून थोरले, ते धाकटे. चेहरा, टक्कल, चाल, सगळं एक. गिऱ्हाइकाने कोणालाही हाक मारावी, जो मोकळा असेल तो ओ देतो.

"किती देणारेत?" भावजींनी विचारलं.

"दोनच. मागचा कोर्स झालाय ना."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली. पुन्हा उचलली. "आणि मागचा झाला नसता तर?"

"तर जखमेतही टोचतात, आणि कोर्स पहिल्यापासून. का हो?"

"काही नाही, सहज."

सहज विचारणारा माणूस असा दाराशी जाऊन परत येत नाही. मी शर्टांना चिठ्ठ्या लावत होते, पण लक्ष लागेना. तेवढ्यात करपल्याचा वास आला. भावजींच्या हातून कधी कॉलर पिवळी पडलेली मी पाहिली नव्हती, आणि आज पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा.

मी बटण बंद केलं. "भावजी, काय ते एकदाचं बोला."

"वहिनी, मागच्या वेळी पहिलं त्याने घेतलं आणि चक्कर येऊन पडला. पुढची मी घेतली."

"कोणासाठी?"

"त्याच्यासाठी. चेहरा एकच, कोणाला कळतंय."

हसावं की थोबाडीत द्यावी, तेच कळेना. ही सासूबाईंनी लावलेली सवय. लहानपणी दोघांना ताप आला की थोरला औषधाला तोंड उघडत नसे. मग त्याचा वाटाही त्या धाकट्याला पाजत. ताप काय, आपोआप उतरत असेल, पण घरात ठरून गेलं की एकाने घेतलं तरी दोघांना लागू पडतं. सासूबाई हे कौतुकाने सांगायच्या आणि मीही मेली हसायचे.

हे मागच्या खोलीत जेवत होते. मी तशीच आत जाऊन जाब विचारला.

"अगं, रक्त एकच ना आमचं?" हे म्हणाले. "मागच्या वेळी झालं का काही मला?"

"तो कुत्रा पिसाळलेला नसेल म्हणून वाचलात. हा कसा होता कोणाला माहीत? चावून पळाला तो. आणि हा रोग एकदा वर आला की औषध नाही, अहो. माणूस मरतो."

शेवटच्या शब्दाला माझा आवाज फाटला. इतका वेळ मला वाटत होतं की मी चिडलेय. मी घाबरले होते.

ताट तसंच टाकून, शटर ओढून आम्ही तिघं पुन्हा दवाखान्यात निघालो. हे लंगडत पुढे, भावजी मागे, आणि मी दोघांना हाकत मध्ये.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा भावजींकडे. "अजून वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या, "पण ही गंमत पुन्हा नको." मग सिस्टरने औषध भरलं. "जखमेत आणि भोवताली टोचावं लागेल. दुखेल."

यांनी भावाकडे पाहिलं. भावजींचा हात आपोआप बाहीच्या बटणाकडे गेला.

"भावजी," मी म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतला. "नाही रे, तुझं तूच घे. तुला काही झालं तर मी काय करू?" एवढं बोलून ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

हे त्या बंद दाराकडे बघत राहिले. मग चाचपडत त्यांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काही दुखलंखुपलं की हे भावाकडे जायचे. मला सगळं बरं झाल्यावर कळायचं. त्याचा मला राग होता, आणि तो मी कधी बोलून दाखवला नव्हता.

सुई जखमेत शिरली. माझी बोटं पांढरी पडेपर्यंत यांनी आवळली.

"दुखतंय गं," हे मला म्हणाले.

"दुखू दे," मी म्हणाले. "मी आहे इथे."