फळ्याची उजवी बाजू

अंतर: बरंच

टॅड वोयचिकच्या फळ्यावर मधोमध खडूची उभी रेघ होती. डावी बाजू त्याची, उजवी मार्गोटची. कोसळत्या ताऱ्यांची गणितं दोघं अशीच करायचे, एकमेकांच्या बाजूला हात न लावता.

मी तेव्हा टॅडचा विद्यार्थी. भांडण माझ्यासमोरच झालं.

"ताऱ्याच्या या कडेपाशी उत्तर अनंत येतंय. म्हणजे अवकाश-काळ इथेच संपला," टॅड म्हणाला.

"ध्रुवावर सगळे रेखांश एकत्र येतात, म्हणून पृथ्वी संपते का? तुझा नकाशा फाटलाय, टॅड. निर्देशक बदलून बघ, मोजायच्या रेघा वेगळ्या आख."

"आमच्या मार्गोटबाईंना अनंत सोसत नाही," तो चर्चेला आलेल्या पाहुण्यांकडे वळून म्हणाला. सगळे हसले.

तिने आपली बाजू पुसली, कोट उचलला. पुढच्या सत्रापासून हॅलिफॅक्सला शिकवायला लागली. टॅडने डाव्या बाजूला चौकट काढून लिहिलं: पुसू नका.

अंतर: मोजता येत नाही

(मधली वर्षं. दोघांचा मिळून एकही लेख नाही.)

अंतर: कमी

शिकागोतली आमच्या विभागाची जुनी इमारत पाडणार होते. टॅड काठी टेकत फळ्याचा निरोप घ्यायला आला. उभ्या उभ्या त्याने निर्देशक बदलून पाहिले.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"अनंत. फोन लाव रे तिला."

मी लावला, आवाज मोठा ठेवला.

"मार्गोट, तिथे काहीच फाटत नाही गं."

"माहितेय. हॅलिफॅक्सला जाताना विमानातच करून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" तिने लगेच पुढे विचारलं. "त्या कडेच्या आत गेलास? अगदी ताऱ्याच्या मध्यापर्यंत?"

"नाही अजून."

"जा. तिथे कुठलेही निर्देशक घे, अनंत जात नाही. ते खरं आहे. आपलं गणितच तिथे संपतं."

"ये ना इकडे. तुझी बाजू कोरीच ठेवलीय."

"डोळे गेले रे माझे. तू वाच, मी ऐकते."

अंतर: शून्याकडे

टॅड एकेक ओळ लिहून मोठ्याने वाचू लागला.

"उणे," मार्गोटने अडवलं. "उणे विसरलास. अजून तसाच आहेस."

तो हसला, पुसून नीट लिहिलं. शेवटची ओळ अनंतावर थांबली. त्याच्या बाजूची जागाही तिथेच संपली. खडू मधल्या रेघेपाशी अडला.

"आता पुढे काय लिहू?"

"मलाही येत नाही, टॅड. हे दोघांनी मिळून शोधायचं होतं. तेव्हा."

टॅडने काठी भिंतीला टेकवली, खडू उजव्या बाजूला नेला, आणि