हैदर सरांचं निळं आभाळ

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत दर रविवारी दुपारी हैदर सरांच्या ओसरीवर चित्रांची पंचायत बसायची. पंचायतच म्हणायला हवं, कारण तिथं कुणाचीच गय होत नसे. मोबाइलवर रानाचा, माळाचा नाहीतर घाटाचा फोटो काढायचा, टॅबवर त्याच्यावर रंग चढवायचे आणि झालेलं चित्र सरांच्या टीव्हीवर लावून सगळ्यांच्या तोंडी द्यायचं, असा तो उद्योग. नियम दोनच होते. ‘लई भारी’ म्हणायला बंदी. आणि ज्याचं चित्र लागलंय त्यानं तोंडात खडीसाखरेचा खडा धरून बसायचं, तो विरघळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. माणूस स्वतःच्या चित्राची वकिली करायला लागला की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, असं सरांचं म्हणणं. खडा कुडुमकन फोडून गिळणारे चलाख लोकही होते, आणि तेरखेड्याचा वसीम त्यांचा म्होरक्या. फटाक्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला इतका कमी धीर असणं काही बरं नव्हे, पण होता तो असा होता.

दीक्षा पोस्टात नोकरीला होती. पहिल्यांदा ती तुळजापूरच्या घाटातला सूर्यास्त घेऊन आली तेव्हा सरांनी चष्मा पुसून पुसून तो पाहिला आणि विचारलं, “बेटा, हा सूर्य हाय का टमाटा?” त्या दिवशी घरी जाऊन ती रडली. पण पुढच्या रविवारी पुन्हा आली. आज तिला जे काही येत होतं ते सगळं त्या ओसरीवर मिळालेलं होतं, आणि सरांवर तिचा जीव होता, हे उगीच आडवळणानं कशाला सांगायचं?

शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून सर निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताला कंप सुटला. ब्रश टेकवला की रेघ भलतीकडेच जायची. मग त्यांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली आणि बोलणंही टाकलं. “घरात माणूस हाय का न्हाय, कळायचं न्हाय,” त्यांच्या पत्नी सकिनाबी सांगायच्या. त्या अवस्थेत वसीमनं त्यांच्यापुढे टॅब ठेवला. चुकलेली रेघ बोटाच्या एका टिचकीनं मागं घेता येते हे कळलं तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा हसला. त्यातूनच ही पंचायत उभी राहिली, आणि आता धाराशिवला सरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, आयुष्यातलं पहिलं. येत्या सोमवारी चित्रं छापायला जायची होती.

पण दिवाळीपासून सरांच्या टीकेला एकच सूर लागला होता. कुणाचंही चित्र लागो, सर मान वाकडी करून म्हणायचे, “पिवळं पडलंय. निळा वाढव.” वसीमनं निळा वाढवला. दीक्षानं वाढवला. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या आणि निळा वाढवला. मधूनच दीक्षाला वाटायचं, आपली ज्वारी अशी हिरवट का दिसते? मग तीच स्वतःला दटावायची, की सरांच्या नजरेपुढं आपली नजर ती केवढी.

त्या रविवारी ती जरा लवकर आली. अंगणात सकिनाबी सरांचे पांढरे सदरे खळबळत होत्या. बादलीतलं पाणी गडद निळं होतं, आणि दोरीवर वाळणारा सदरा तर शाळेच्या गणवेशात खपला असता.

“चाची, एवढी नीळ?”

“काय सांगू पोरी!” सकिनाबींनी सदरा जोरात पिळला. “पांढरं झालंच न्हाय म्हनतात. कपडे पिवळे, भिंत पिवळी, दूध सुदिक पिवळं. नीळ घाल, अजून घाल. सारी गल्ली हसायलीय मला. चाळीस वर्सं ह्याच हातानं कपडे धुतले, तवा कधी पिवळे दिसले न्हाईत.”

दीक्षा तिथंच थबकली. तिच्या वडिलांच्या, कोंडिबाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा पट्टी निघाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला होता, “घराला चुना कधी मारला?” चुना कुणीच मारला नव्हता. मोतीबिंदूनं सगळं जग पिवळं करून ठेवलं होतं आणि ते त्याला कधी कळलंच नव्हतं.

तिनं पुन्हा त्या निळ्या पाण्याकडं पाहिलं. हाताच्या कंपातून सर कसेबसे सावरले होते. आता त्यांना त्यांच्याच ओसरीवर, सगळ्यांसमोर सांगायचं की सर, तुमचे डोळे फसवतायत? पुन्हा सगळं माळ्यावर गेलं तर? आणि सांगायचं नाही तर उद्या ती चित्रं छापली जाणार, धाराशिवचे लोक तोंडाला रुमाल लावून हसणार, आणि सरांना ते का हसतायत तेही समजणार नाही. हे दुसरं तिला जास्त असह्य वाटलं.

सगळे जमल्यावर सरांनी आपलं चित्र लावलं. काढणी झालेलं रान, कडब्याच्या गंजी, मागं उघडा माळ. रेघ इतकी सुंदर होती की बघत राहावं. पण गंजी शेवाळल्यासारख्या दिसत होत्या आणि वरचं आभाळ शाईची दौत उपडी झाल्यासारखं. सरांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि हात बांधून बसले.

“गंजी एकदम भक्कम आल्यात,” वसीम म्हणाला. दुसऱ्या कुणी पायवाटेचं कौतुक केलं. आभाळाकडं बघून सगळे मूग गिळून बसले.

“सर,” दीक्षा म्हणाली. “आभाळ असं न्हाय. लई निळं झालंय. कडबा हिरवा दिसतोय. आन् तुमचा सदराही निळा झालाय, सर. मला वाटतं, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय.”

सरांच्या गालात खडा तसाच होता. नियम त्यांचाच, त्यामुळं त्यांना काही बोलता येईना. त्यांनी चित्राकडं पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडं. सकिनाबींनी पदर तोंडाला लावला. “या अल्ला, म्हनून व्हय ती नीळ,” एवढंच त्या पुटपुटल्या.

खडा विरघळायला त्या दिवशी फार वेळ लागला.

“कधीपासून?” सरांनी विचारलं.

“दिवाळीपासून, सर.”

“आन् तुमी सगळे निळा वाढवत बसलात?”

“तुमीच सांगत होता, सर,” वसीम म्हणाला.

“मला दिसत नव्हतं म्हणून सांगत होतो!” सरांचा आवाज फाटला. “तुमाला तर दिसत होतं ना? मी तुमाला बघायला शिकवलं, का माझी री ओढायला?”

दीक्षाला वाटलं होतं की आज सर मोडतील. पण मान खाली घालायची वेळ तिच्यावरच आली होती.

“डोळ्याचं दाखवून येऊ, ते डॉक्टरचं काम हाय,” शेवटी सर म्हणाले. “पण हे चित्र उद्या जायचंय.” त्यांनी टॅब मांडीवर घेतला. “दीक्षा, अंगणात जा. आभाळ कसंय ते बघून सांग. मी सांगितलेलं न्हाय, तिथं हाय ते.”

ती अंगणात गेली. ‘निळं’ हा शब्द अगदी ओठावर आला होता. तो तिनं आवरला आणि मान वर करून नीट पाहिलं. किती महिन्यांनी पाहत होती कोण जाणे.

“पांढुरकं हाय, सर. राखेवानी. खाली माळाजवळ मातकट.”

“आन् निळं कुठंय?”

“कुठंच न्हाय, सर.”

सरांनी सगळं आभाळ पुसून टाकलं. कापऱ्या हातानं नवा रंग निवडला. “ये, इथं जवळ बस,” ते म्हणाले. “आता चुकलो की थांबव मला.”

त्यांनी पहिला फटकारा ओढला, माळाच्या अगदी कडेनं. दीक्षानं पाहिलं. तिला रडू येत होतं, तरी तिनं पाहिलं.

“थांबा, सर.”

सर थांबले.