मामीची बियांची झाडं

अगं, आधी ऐक तर, मग बोल. माझा मामा आहे ना, डाळिंबाची रोपवाटिका असलेला, तो परवा कुऱ्हाड घेऊन स्वतःच्याच बागेत उभा होता. पानापानावर तेलकट डाग, फळं तडकलेली, काळी. आणि सगळी झाडं एकदम! एक म्हणून मागे राहिलं नाही.

राहणार कसं? सगळी एकाच झाडाची कलमं. आजोबांचं ते एक गोड झाड होतं ना, त्याची फांदी सोलायची, ओली माती बांधायची, मुळं फुटली की कापून लावायची. मामानं जन्मभर हेच केलं. सगळ्या घरांना एकच कुलूप, मग चोराला एक किल्ली बास!

मामी मात्र खाता खाता चार दाणे मोरीमागच्या डब्यांत खोचायची. मामा भडकायचा, "बियांचं झाड म्हणजे जुगार! आई ठाऊक, बापाचा पत्ता नाही. माशीनं कुठल्या फुलाची धूळ आणली, कोण सांगणार?"

मामी म्हणायची, "आपली पोरं तरी कुठे एकसारखी निघाली? थोरला तुमच्यासारखा तिरसट, धाकटी माझ्यासारखी शहाणी. चाललंच ना घर?"

मामी गेल्या वर्षी गेली. परवा मी मोरीमागे गेले, तर तिचीही बहुतेक झाडं मेलेली. काही तहानेनं, काही त्याच रोगानं. पण एक, एकच गं, पानावर डाग नाही! वेडंवाकडं, काटेरी, फळं लिंबाएवढी आणि दात आंबतील इतकी आंबट. मी ओरडले. मामा धावत आला, खाली बसला, बराच वेळ नुसतं खोडावर हात फिरवत राहिला. "बघ," म्हणाला, "जिंकली ही बया." ते झाडाला की मामीला, देव जाणे.

मग त्यानं खिशातून चाकू काढला.

"मामा, काय करतोस?"

"याची कलमं. दोन वर्षांत बाग उभी करतो."

"परत सगळी एकासारखी एक? उद्या याला मारणारा रोग आला म्हणजे?"

"मग बिया लावू? निम्म्या उगवणार नाहीत, उगवतील त्या रोगानं जातील, उरलीसुरली आंबट. त्यातलं चांगलं निघेपर्यंत मी असेन का? आणि विहिरीत पाणी एकाच वाफ्यापुरतं आहे, पोरी."

फांदीवर चाकू टेकवला, पण सालीला नुसते ओरखडे उठले. त्यानं चाकू माझ्या हातात दिला. "तू काप. मला नीट दिसत नाहीये."

मागे त्यानं तोडून पेटवलेली रोगट बाग जळत होती. माझ्या दुसऱ्या मुठीत त्याच झाडाच्या फळाचे दाणे होते, चिरडून रस मनगटापर्यंत आलेला.

तू असतीस तर काय केलं असतंस गं?