जेनालिनची उजळणी

आमच्या बेटावरच्या शाळेत दुसरीची सकाळ उजळणीनं सुरू होते. फळ्यावर पाच गणितं, पाच शब्द. मुलं वहीत उत्तरं लिहितात, मी दहापैकी गुण देते. अठरा वर्षं हेच करतेय.

जेनालिन आठ वर्षांची होती. सुकी मासळी विकणाऱ्या नेनिताची एकुलती एक. नाताळापर्यंत तिला रोज दहापैकी दहा. सुट्टीनंतर आठ झाले, मग सहा. फेब्रुवारीत ती बारा अधिक सातला अडखळू लागली. ‘मासा’ लिहिताना थांबून माझ्याकडे बघत राहायची.

“डोकं होडीत विसरलीस वाटतं!” मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मीही हसले.

पुढं तिच्या हातून पेन्सिल पडू लागली. हात मधेच झटका बसल्यासारखा उडायचा. मला वाटलं, मुद्दाम करतेय.

“लाज नाही वाटत? जा, दाराशी उभी राहा.”

ती उठली. हळूच म्हणाली, “मॅम, काल येत होतं मला.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तिला तसंच उभं ठेवलं.

आठवड्याभरात ती झेंडावंदनाला कोसळली. नेनिता तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, तिची उजळणीची वही घेऊन मी सोबत होते. डॉक्टरांनी वही मागितली आणि पान पान उलटून पाहिली.

“हिला लहानपणी गोवर आला होता?”

“नऊ महिन्यांची होती तेव्हा,” नेनिता म्हणाली. “बरा झाला होता की.”

“गेला नव्हता तो. मेंदूत दबा धरून बसला होता.” त्यांनी वही मिटली. “यावर औषध नाही, बाई.”

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, वाचली नसतीच. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, किंवा खरंच असेल. पण दाराशी तरी उभी राहिली नसती.

नंतर नेनिताच म्हणाली, “मॅम, उजळणी बंद नका करू. सवय सुटेल तिची.” म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्या घरी जायची. आधी पाच गणितं, मग दोन, मग एक. एप्रिलमध्ये जेनालिन चटईवर नुसती पडून असायची. डोळे उघडे, पण ओळख नाही. नेनितानं तिच्या मुठीत पेन्सिल धरवली, वर आपला हात ठेवला आणि दोन अधिक दोनपुढं चार काढला.

“बरोबर आहे ना, मॅम?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“मग गुण द्या ना तिला.”

मी दिले. जेनालिननं वहीकडे पाहिलंही नाही. मे महिन्यात ती गेली.

जूनमध्ये वर्ग नव्या मुलांनी भरला. मी खडू घेऊन फळ्याशी उभी राहिले, पण पहिलं गणित काही केल्या सुचेना.