कॅरमबोर्डावरची वाटी

शनिवारी दुपारी प्रॅक्टिकलं आटोपली की ठाण्याच्या त्या नव्या कॉलेजात कॉमन रूमच्या दाराशी ही गर्दी उसळायची. आत खिडक्यांना गॅदरिंगच्या नाटकाचा काळा पडदा लावलेला असे. मध्ये स्टुलावर कॅरमबोर्ड, त्याच्या कडेने खळीने चिकटवलेल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या, खिडकीकडच्या कडेला 'नाही', समोर दाराकडच्या कडेला 'हो', आणि मधोमध मेसमधून आणलेली पितळी वाटी, उपडी घातलेली. तिघाचौघांनी वाटीवर एकेक बोट टेकवायचं आणि गेलेल्या माणसाला हाक मारायची. मग वाटी सरसर एकेका अक्षराशी जाऊन थांबायची आणि बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. बोर्डावर बोरिक पावडर मात्र सढळ हाताने टाकलेली असे.

कॉलेज सायन्सचं होतं. सकाळी लंबकाची आंदोलनं मोजणारी तीच पोरं दुपारी परलोकाची चौकशी करत होती. पण खरं सांगायचं, तर निम्म्या गर्दीला परलोकाशी काही देणंघेणं नव्हतं. मुली लेडीज रूममधून प्राध्यापकांच्या मागोमाग वर्गात यायच्या आणि त्यांच्याच मागोमाग परत जायच्या. एखाद्या मुलाने मुलीला वही मागितली तर आठवडाभर चर्चा व्हायची. अख्ख्या आवारात मुलामुलींची बोटं राजरोस शेजारी टेकायची जागा म्हणजे ही वाटी. प्लँचेट लोकप्रिय न होतं तरच नवल.

ही वाटी चालवायचा दौलत मोकाशी. इंटरला दोनदा बसलेला, पण आवाज असा, की नाटकात त्याच्याशिवाय पान हलत नसे.

"शंका काढू नका, हसू नका," तो बजावायचा. "आत्मा म्हणजे काय? एक प्रकारचं वायरलेस. रेडिओत गाणारी बाई तुम्हाला दिसते का? नाही ना? पण गाणं येतं ना? तसंच हे."

वाटी फक्त अक्षरं दाखवायची, कानामात्रा दौलत लावायचा. त्यामुळे आत्म्यांचा बराचसा मथितार्थ त्याच्याच पदरचा असे. जनरल सेक्रेटरी कोण होणार म्हणून विचारलं, तेव्हा वाटीने त्याचंच नाव काढलं होतं, आणि तो निवडूनही आला. वाटीचं ऐकून किती जणांनी मत दिलं, हे कुणी विचारलं नाही.

उत्तरा टिपणीस या गर्दीत भिंतीला टेकून उभी असायची. ती इंटरला होती. तिचा मोठा भाऊ आनंद याच कॉलेजात बी.एस्सी.ला होता. ऑक्टोबरात कॉलेजच्या सहलीत तो कोलशेतच्या खाडीत पोहायला उतरला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून उत्तरा जेवत होती, जर्नल लिहीत होती, केस विंचरत होती. रडू तेवढं आलं नाही. शेजारपाजारचे म्हणाले, पोर धीराची आहे. धीर कसला? दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

जानेवारीत दौलतने तिच्या आईला निरोप धाडला, "आनंद येतोय, काकू. तुमची आठवण काढतो." सुमतीबाई त्याच शनिवारी कोपरीहून स्टेशनचा पूल ओलांडून आल्या. मग दर शनिवारी येऊन वाटीवर दौलतच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवू लागल्या. वाटीने आनंदला आवडणारी खांडवी सांगितली, त्याच्या सायकलचा रंग सांगितला. या गोष्टी अख्ख्या कॉलेजला ठाऊक होत्या, पण सुमतीबाईंना कोण सांगणार? त्या चार महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या. उत्तराचे वडील तात्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. ते म्हणाले, "तिला बरं वाटतंय ना, वाटू दे."

चौथ्या शनिवारी सुमतीबाईंनी विचारलं, "उत्तराचं कसं होईल रे, बाळा?"

वाटी 'उ'शी गेली, 'त'शी गेली, 'र'शी गेली. मग क, ल, ज. मग खिडकीकडच्या कडेला जाऊन 'नाही'वर थांबली. दौलतने वाचायच्या आधीच सुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी त्याला एकदा विचारून खात्री करून घेते. मग सोमवारी तात्या दाखल्यासाठी अर्ज देतील. झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं."

उत्तराने मान डोलावली आणि पानं वाढायला घेतली. आपलं कॉलेज सुटणार, हे तिला कळलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी लॅबमध्ये चुंबकसूचीचं प्रॅक्टिकल होतं. लॅबचा शिपाई महिपत कोलशेतचा, खाडीवरच वाढलेला. टेबल पुसता पुसता तो म्हणाला, "बाय, खाडीनं नेलेला मानूस वाटीत कशाला येल? आमच्यातलं किती गेलं. एक पन आला नाय."

उत्तराने समोरची चुंबकसूचीची पेटी थोडी फिरवली. पेटी फिरली, सुई जागची हलली नाही. तिने पेटी पार उलटी फिरवली. सुई आपली दिशा धरून. सुईला दिशा खरंच कळते, म्हणून पेटी कशीही ठेवा, तिचं काही अडत नाही. वाटीचं तसं होतं का? मग ती उठली आणि पलीकडच्या टेबलाशी असलेल्या दौलतसमोर जाऊन उभी राहिली.

"मोकाशी, वाटी तुम्ही ढकलता."

मुलगी आपणहून बोलायला आली, याचाच दौलतला जास्त धक्का बसला.

"कधीमधी," तो हळूच म्हणाला. "इलेक्शनचं ढकललं. खांडवी, सायकल, तेही मीच. काकूंना बरं वाटावं म्हणून. पण ते कॉलेजचं मी नाही केलं, आईशपथ. मी उलट वाटी 'हो'कडे रेटत होतो. ऐकेचना. तेव्हापासून मीच टरकलोय, मिस टिपणीस."

उत्तराला राग यायला हवा होता. तो आला नाही. ती म्हणाली, "शनिवारी हात मागे बांधून उभे राहा. बाकी मी बघते."

शनिवारी वाटीवर सुमतीबाईंचं एकट्यांचं बोट होतं. दौलत हात पाठीमागे घेऊन उभा होता. "आनंद, उत्तराने कॉलेजात जायचं का?" त्यांनी विचारलं. वाटी जराशी थरथरली आणि खिडकीकडे 'नाही'शी गेली. दौलतचा चेहरा पांढरा पडला होता.

उत्तरा पुढे आली. "आई, आनंदला इथलं सगळं दिसतं ना?"

"सगळं दिसतं."

"मग तुझे डोळे बांधले तर काय बिघडेल? त्याला तर वाचता येईल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, की आत्म्याची परीक्षा बघू नये. पण सुमतीबाईंना आपल्या मुलाची खात्री होती. त्यांनी स्वतःच रुमाल पुढे केला. डोळे बांधून होईपर्यंत त्यांचे हात मांडीवर होते. उत्तराने आधीच सांगून ठेवलेल्या महिपतला खूण केली. त्याने बोर्ड अलगद उचलला, अर्धा फिरवला आणि परत ठेवला. आता 'नाही' दाराकडे होतं, 'हो' खिडकीकडे. उत्तराने वाटी मध्ये मांडली आणि आईचं बोट धरून तिच्यावर टेकवलं.

"विचार आता."

सुमतीबाईंनी तोच प्रश्न विचारला. वाटी हलली आणि सरळ खिडकीकडे गेली.

"हो आलं," कुणीतरी म्हणालं.

सुमतीबाईंनी रुमाल ओढून काढला. वाटी 'हो'वर होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "हो म्हणाला? मन बदललं त्याचं?"

दौलत उत्तराच्या कानाशी कुजबुजला, "गप्प राहा. तुमचं काम झालं."

झालंच होतं. तोंड उघडलं नाही की सोमवारचा अर्ज टळत होता. पण पुढच्या शनिवारी आई पुन्हा येणार. उत्तराच्या लग्नाचं विचारणार, तात्यांच्या दम्याचं विचारणार, आणि त्या आठवड्यात मनाने जे घेतलं असेल ते वाटी सांगणार. मग घर ही वाटीच चालवणार.

"आई, मन कुणाचं बदललेलं नाही," ती म्हणाली. "तुझे डोळे बांधलेले असताना मी बोर्ड फिरवायला लावला. 'नाही' कुठे आहे, ते तुझ्या बोटाला पाठ होतं. ते तिकडेच गेलं. तिथे आता 'हो' आहे, हे तुला दिसत नव्हतं. आणि तुला दिसलं नाही म्हणून आनंदलाही दिसलं नाही."

"मी ढकलली नाही गं."

"मुद्दाम नाही ढकललीस. मनात एखादी गोष्ट घट्ट बसली, की बोट तिकडे झुकतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. या पावडरीवर तेवढं पुरतं."

"खांडवी?"

"ती मी सांगितली, काकू," दौलत खाली बघत म्हणाला. "सायकलसुद्धा."

सुमतीबाईंनी वाटी उचलून उताणी केली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढे शनिवार मी कुणाशी बोलत होते?"

"तुझ्या भीतीशी."

महिपतने खिडकीवरचा पडदा बाजूला केला आणि खोलीत ऊन आलं. गर्दी पांगली.

गेलेलं माणूस उलट उत्तर देत नाही, म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. घालणारा प्रत्येक वेळी लबाड असतो असं नाही. कधी तो दौलत असतो, कधी घाबरलेली आई असते. पण त्यावर कुणाचं शिक्षण थांबणार असेल, कुणाचं लग्न ठरणार असेल, तर एकदा डोळे बांधून बोर्ड फिरवून बघावा. खरी गोष्ट फिरवून बघितल्याने खोटी ठरत नाही. आणि भीती वाटत असेल, तर भीती वाटते असं सरळ म्हणावं. त्याला वाटी लागत नाही.

स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना सुमतीबाई मध्येच थांबल्या.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "तू सकाळी त्या कॉलेजकडे निघालीस, की परत येईपर्यंत जिवात जीव नसतो."

"माहीत आहे."

"मी त्याला सगळं विचारत बसले. तुला काही विचारलंच नाही." त्यांनी उत्तराचा हात धरला. "तुला जायचंय का कॉलेजला?"

ऑक्टोबरपासून उत्तराला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"जायचंय," ती म्हणाली. आणि मग कठडा धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ती पायरीवर बसून रडायला लागली.